कॅलिपर बसला, पण धंदा फसला: एका ‘हो’ची किंमत ८,३०० रुपये

मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की दुकानदाराला सगळ्यात महाग पडणारा शब्द म्हणजे ‘होईल’. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सर, उदाहरण द्या.’ उदाहरण माझ्याच गाळ्यातलं आहे. व्हिडिओत आकडे दाखवायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचा धंदा गाड्यांचा नसला, शिलाईचा, मोबाईल रिपेअरिंगचा किंवा केटरिंगचा असला, तरी शेवटपर्यंत वाचा.

आपलं दुकान कांजूरमार्गला, एलबीएस रोडपासून जरा आत. ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं करतो. जुलै महिना, धो धो पाऊस. भांडुपचा एक तरुण त्याची जुनी हॅचबॅक घेऊन आला. मागचा डावा कॅलिपर जाम झाला होता. हॅन्डब्रेक सोडला तरी चाक मोकळं होत नव्हतं, रिम हात लावू देत नव्हती इतकी तापलेली.

त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत त्याच गाडीच्या पुढच्या पिढीचे मागचे दोन कॅलिपर, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या मालातून आणलेले. ‘दादा, कंपनी तीच, गाडी तीच, फक्त मॉडेल नवं. बोल्टपण जुळतात म्हणे. बसवून द्या ना.’

आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी कॅलिपर हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘बसेल. पण बसणं वेगळं आणि धरणं वेगळं.’

मी ऐकलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी म्हणालो, ‘होईल, मजुरी तीन हजार.’

आधी थोडी माहिती

आपल्याकडे छोट्या गाडीला मागे बहुतेक ड्रम ब्रेकच येतो. स्विफ्ट २००५ साली आली, तिच्या कितीतरी पिढ्या झाल्या, मागे ड्रमच. मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली तेव्हा तिला चारही चाकांना डिस्क दिली, साध्या बलेनोला मात्र मागे ड्रमच राहिला. म्हणून ‘वरच्या मॉडेलचा ब्रेक माझ्या गाडीला लावा’ ही मागणी नेहमी येते.

युरोपातही हे चालतं. फोक्सवॅगन गोल्फच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या गाड्यांना मागचा लोखंडी कॅलिपर असे. त्याच्या हॅन्डब्रेकची यंत्रणा जाम व्हायची. मग हौशी लोक चौथ्या पिढीचा, १९९७ नंतरच्या गोल्फचा, ॲल्युमिनियमचा कॅलिपर बसवू लागले. पण तिथेही नुसता कॅलिपर बदलून भागत नाही, होस पाइप आणि हॅन्डब्रेकची केबल बघावीच लागते. म्हणजे अशी अदलाबदल होऊच शकत नाही असं नाही. कोणत्या गाडीत काय काय बदलावं लागतं हे आधी माहीत असलं पाहिजे. मला माहीत नव्हतं.

मग झालं काय?

बोल्ट खरंच जुळले. डिस्क मध्ये बरोबर आली. मी मामांकडे बघून हसलोसुद्धा! पुढे एकेक अडचण निघाली.

पहिली केबलची. नव्या कॅलिपरचा हॅन्डब्रेकचा लिव्हर वेगळ्या बाजूने ओढला जात होता. जुनी केबल तिथपर्यंत पोचेना. लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतला, केबल नवीन आणली. तरी हॅन्डब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढावा लागत होता, आणि चढावर गाडी हळूहळू मागे सरकत होती.

दुसरी पिस्टनची. मामांनी व्हर्नियर लावला. जुना पिस्टन ३० मिलिमीटर, नवा ३४. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना? ब्रेकची ताकद पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ३४ भागिले ३०, त्याचा वर्ग केला की येतात साधारण १.२८. म्हणजे पेडल तेवढंच दाबलं तरी मागच्या पॅडवर २८ टक्के जास्त दाब. शिवाय मोठा पिस्टन ढकलायला ऑइलही जास्त लागतं, म्हणून पेडल पहिल्यापेक्षा खाली जायला लागलं.

‘मागे जास्त ब्रेक म्हणजे चांगलंच की!’ असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरं उलट आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक मिळाला तर ते आधी घसरतं आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. म्हणून कंपनी पुढचा आणि मागचा ब्रेक तोलून देते. आम्ही तो तोलच बिघडवला होता.

ट्रायलला मामा आणि मी गेलो. ओला रस्ता, गर्दी नव्हती, वेगही बेताचा. साधा ब्रेक मारला आणि पेडल पायाखाली थरथरलं. मामा म्हणाले, ‘एवढ्याशा ब्रेकला एबीएस चालू झालं. मागची चाकं घसरतायत. उद्या याचं एबीएस बंद पडलं तर?’

मी काहीच बोललो नाही. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. ती मला सकाळपासून दिसत होती, पण मी तिच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

गाळ्यावर आलो आणि सगळं उतरवलं. जुने कॅलिपर खोलले, साफ केले, नवे सील घातले, स्लायडिंग पिनांना ग्रीस लावलं, हॅन्डब्रेकचा गंजलेला लिव्हर मोकळा केला, जुनीच केबल जोडली, एअर काढली. गाडी पहिल्यासारखी थांबायला लागली. हेच काम पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसात झालं असतं.

आता हिशोब

• लेथचा ब्रॅकेट: १,४०० रुपये
• नवीन केबल: १,१०० रुपये
• ब्रेक ऑइल, दोन वेळा: ६०० रुपये
• मिस्त्री आणि हेल्पर, दोन दिवस: २,४०० रुपये
• दोन दिवस लिफ्ट अडकली, चार सर्व्हिसिंग परत गेल्या. एकीमागे ७०० सुटतात, म्हणजे २,८०० रुपये

एकूण ८,३०० रुपये. घेतलेले तीन हजार मी परत केले. सील किटचे तेवढे पैसे घेतले. मी बीबीए केलं तेव्हा ‘ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट’ परीक्षेपुरती पाठ केली होती. ती म्हणजे काय ते त्या अडकलेल्या लिफ्टखाली उभं राहून कळलं. यादीतली शेवटची ओळ वहीत कोणीच लिहीत नाही, आणि नेमकी तीच सगळ्यात मोठी आहे.

कायद्याची बाजू

‘कॅलिपर काय आरसी बुकात लिहिलेला असतो?’ असं म्हणणारे भेटतील. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला, सुटे भाग लावून केलेला बदलही त्यात आला, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचा क्लेम करताना वाद होऊ शकतो तो वेगळाच. आणि आपलं काम ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ म्हणून मोजलं जातं. काम चुकलं तर ‘त्यानेच पार्ट आणला होता’ एवढं म्हणून आपली सुटका होत नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे चार नियम आहेत

१. तपासणी आधी, भाव नंतर. तपासणीचे ५०० रुपये, काम दिलं तर बिलातून वजा.

२. दुसऱ्या पिढीचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा पार्ट आला की सहा गोष्टी मोजायच्या: बोल्टमधलं अंतर, डिस्कचा व्यास आणि जाडी, पिस्टनचा व्यास, होसचा जोड, हॅन्डब्रेक केबलची लांबी आणि ओढ, एबीएस सेन्सरची जागा. एकही जुळली नाही तर ब्रेकचं काम घ्यायचं नाही.

३. ‘नाही’ म्हणताना दुसरा रस्ता द्यायचा. ‘हा कॅलिपर नको, तुमचाच उघडून नवा करून देतो’ असं म्हटलं की गिऱ्हाईक सहसा उठून जात नाही.

४. मिस्त्रीचं मत गिऱ्हाइकासमोर विचारायचं. मामा बोलले की लोकांना पटतं, आणि मलाही घाईत ‘होईल’ म्हणता येत नाही.

तिसऱ्या नियमातून आम्हाला नवीन कामच मिळालं. आता मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही मागच्या ब्रेकची सफाई आणि ग्रीसिंग ठरलेल्या भावात करतो. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च आधीच माहीत, गाडी परत येण्याची भीती नाही. भांडुपचा तो तरुण दरवर्षी येतो. पहिल्या वर्षी दोन मित्रांनाही घेऊन आला होता.

तुमचा गृहपाठ

तुमच्या धंद्यात मागच्या तीन महिन्यांत ‘होईल’ म्हणून घेतलेलं आणि अंगावर आलेलं एक काम आठवा. वही घ्या. सामान, मजुरी, आणि त्या वेळात परत गेलेली गिऱ्हाइकं, तिन्ही लिहा आणि बेरीज करा. मग ते काम घेण्याआधी कोणती एक गोष्ट मोजली असती तर कळलं असतं, ते त्याच्याखाली लिहा. तो तुमच्या दुकानाचा पहिला नियम.

पुढच्या व्हिडिओत तपासणीचे पैसे गिऱ्हाइकाकडे न लाजता कसे मागायचे ते बघू. तोपर्यंत वही भरा!