महायुद्धोत्तर इटालियन स्पोर्ट्स मोटारी आणि कुर्ल्याचे फियाट इंजिन

इटालियन स्पोर्ट्स मोटार म्हटली की ऐश्वर्य डोळ्यांसमोर येते. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या या मोटारींचा उगम टंचाईत आहे आणि त्यांचा एक धागा मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत पोहोचतो.

१९४५ साली स्वतःचे इंजिन घडविण्याइतके भांडवल इटलीतील लहान उत्पादकांकडे नव्हते. फियाट ११०० या कौटुंबिक मोटारीचे १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरी इंजिन मात्र सहज मिळत होते. तुरिनचे उद्योजक पिएरो दुझिओ यांच्या चिसितालिया कंपनीने तेच निवडले. फियाटचेच अभियंते दान्ते जियाकोझा यांनी त्याभोवती पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा आखला. शक्ती वाढविण्यापेक्षा वजन घटविणे स्वस्त, हे यामागील सूत्र होते. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ५४ वर्षांचे ताझिओ नुवोलारी अशाच मोटारीतून दुसरे आले. पहिल्या आलेल्या आल्फा रोमिओचे इंजिन जवळजवळ तीन लिटरचे होते! पिनिन फरिना यांनी घडविलेली ‘चिसितालिया २०२’ ही मोटार तर १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली.

याच कुळातील इंजिन १९५० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात आले. नाशिककरांना रावळगावच्या साखर कारखान्यामुळे परिचित असलेले वालचंद हिराचंद हेच या कंपनीचे संस्थापक. फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे उत्पादन २००० पर्यंत चालले आणि मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली.

मग येथे स्पोर्ट्स मोटार का निपजली नाही? कौशल्याचा अभाव हे उत्तर पटण्याजोगे नाही. हेच इंजिन दशकानुदशके चालते ठेवणारे मिस्त्री मुंबईत होते आणि शोलावरमच्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट धावतही होत्या. फरक भोवतालच्या व्यवस्थेत होता. तुरिनमध्ये मोटारीचा केवळ सांगाडा व इंजिन विकत घेऊन त्यावर आपली बॉडी चढविणाऱ्या अनेक कार्यशाळा होत्या. भारतात परवाना पद्धतीने उत्पादनावर मर्यादा घातली. मोटारीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असताना प्रयोगासाठी सांगाडा सुटा कोण देणार? परवान्याबरोबर आराखडे आले, यंत्रे आली. त्या कार्यशाळा येण्याजोग्या नव्हत्या.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी मोटार तयार होऊ लागली. तिचे इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे होते. कुर्ल्यात तेव्हा पद्मिनी अजून बनत होती.