क्रीडांगणाचा भार कोणी उचलावा?

शाळेला भिंती, छप्पर आणि फळा असावा व त्यांचा खर्च सरकारने सोसावा, याविषयी आज कोणाचेही दुमत नाही. परंतु त्याच सरकारी शाळेच्या पटांगणात एखादी घसरगुंडी, झोपाळा, मल्लखांब किंवा निदान खो-खोचे दोन खांब असावेत, असा विषय निघाला की पालकसभेत चुळबुळ सुरू होते. कोणी वर्गणीची वही पुढे करतो, कोणी गावातील धनिकाचे नाव सुचवितो, तर कोणी ‘मुले शाळेत शिकायला येतात, खेळायला नव्हे’ असे म्हणून विषयच मिटवितो. वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

कायदा याबाबत मोघम नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांच्या पंक्तीलाच क्रीडांगण बसविले आहे, आणि खेळाचे साहित्य प्रत्येक वर्गास गरजेनुसार मिळावे असेही सांगितले आहे. त्यासाठी लागणारा निधी पुरविण्याची जबाबदारी केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांवर मिळून आहे.

यामागील तत्त्व आपल्याकडे नवे नाही. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ते मोफतही केले. ज्याने सक्ती करावी, त्यानेच खर्च सोसावा, हा तो न्याय होय. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आपण कायद्याने दिवसाचे पाच-सहा तास शाळेत बसवितो. मग त्या वयाच्या शरीराला जे धावणे-लोंबकळणे हवे असते, त्याची सोय लोकांच्या मर्जीवर कशी सोडावी?

वर्गणी आणि देणगी यांत दोन मोठे दोष आहेत. पहिला असा की, ज्या वस्तीत पैसा आहे तेथेच पाळणे हलतात. मजुरी करून पोट भरणाऱ्या आईबापांच्या वस्तीतील शाळेला दाता सहसा भेटत नाही. वस्तुतः घरी अंगण नसलेल्या त्याच मुलांना पटांगणाची गरज अधिक. दुसरा दोष डागडुजीचा. झोपाळ्यावर नाव रंगवून घेणारा दाता मिळतो; पण तीन पावसाळ्यांनंतर गंजलेली साखळी बदलण्यासाठी पैसे देणारा मिळत नाही. मग तुटका झोपाळा तसाच लोंबत राहतो आणि एखाद्या लेकराचा हात मोडेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र नव्हे. २०१८ साली सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये व माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. ६० मुलांच्या प्राथमिक शाळेत ही रक्कम दरडोई वर्षाला सुमारे ८३ रुपये पडते. तेवढ्यात चेंडू, दोरीउड्यांच्या दोऱ्या व रिंगा येतील. लोखंडी घसरगुंडी आणि तिच्या पायाचे काम येणार नाही. म्हणून अशी कायमची साधने इमारतीच्या खर्चातच धरली पाहिजेत, आणि त्यांच्या दुरुस्तीची तरतूद दरसाल अंदाजपत्रकात असली पाहिजे.

‘ज्याला पैसे मोजावे लागत नाहीत, त्याची किंमत राहत नाही,’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. तथापि, आपुलकी दाखविण्याचा मार्ग केवळ खिशातून जात नाही. पटांगणातील दगड वेचणे, कडेने झाडे लावणे, सुटीच्या दिवशी साधनांवर लक्ष ठेवणे, ही कामे गावानेच करावयाची आहेत. दात्यांनीही अवश्य द्यावे; मात्र जे द्यावे त्याबरोबर पुढील काही वर्षांच्या दुरुस्तीचाही विचार करावा, म्हणजे दान शाळेच्या गळ्यात लोढणे होणार नाही.

सर्वांत मोठे साधन तर पालकांच्या हातीच आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. बेळगावकडे तिलाच शाळा सुधारणा समिती म्हणतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचे काम होय, आणि त्याच आराखड्याच्या आधारे पुढील अनुदान मिळावयाचे असते. आपल्या आराखड्यात क्रीडांगण आहे काय? साखळी, नटबोल्ट व रंग यांचा खर्च त्यात मांडला आहे काय? गेल्या वर्षीच्या क्रीडा-अनुदानातून आणलेले साहित्य मुलांच्या हाती आहे, की कपाटात कुलूपबंद आहे?

हे प्रश्न पुढच्या सभेत एखाद्या मातेने उभे राहून विचारले, तरी पुष्कळ काम होईल. वर्गणीची वही दुसऱ्या एखाद्या सत्कार्यासाठी राखून ठेवावी. मुलांच्या हक्काचे मात्र हक्काने मागावे.