सोंगाड्याच्या हातात माइक

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर आहे. चुलबंद आणि वैनगंगेच्या पाण्यावरचा हा धानाचा तालुका. दिवाळी सरते, धान बांधीतून घरात येतो, हातात चार पैसे खुळखुळू लागतात आणि मग गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट लागतो, रात्री नाटक होते. नाटक ठरवायला फार लांब जावे लागत नाही. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची पेठ असलेले वडसा इथून जवळच आहे. अशा गावात दिवसा पटावर माइक धरणारा, रात्री नाटकात विनोदी पात्र रंगवणारा आणि जमल्यास त्या पात्राची चार वाक्ये स्वतःच लिहून काढणारा माणूस कुणाला नवलाचा वाटत नाही. शहरात मात्र अशा माणसाची ओळख करून देताना ‘बहुरंगी’, ‘चतुरस्र’ अशी विशेषणे खर्ची पडतात. त्या कौतुकात एक शंकाही दडलेली असते, की याला नेमके एक काही धरता आले नाही. मला वाटते, कौतुक आणि शंका दोन्ही चुकीच्या जागी आहेत. विनोद लिहिणे, विनोद वठवणे आणि खेळाचे समालोचन करणे हे तीन व्यवसाय म्हणून मोजले जातात, पण कसब एकच आहे.

समालोचन म्हणजे दिसते ते सांगणे, अशी आपली समजूत असते. थोडा हिशेब करून पाहू. कसोटी सामन्याच्या एका दिवसात 90 षटके, म्हणजे 540 चेंडू पडायचे असतात आणि खेळाची वेळ साधारण सहा तास. एका चेंडूची सगळी हालचाल सरासरी सहा सेकंदांची धरली, तर दिवसभरात प्रत्यक्ष घडणारा खेळ 54 मिनिटांचा होतो. उरलेल्या पाच तासांत गोलंदाज चालत परत जातो, क्षेत्ररक्षक जागा बदलतात, फलंदाज हातमोजे सारखे करतो. रेडिओवर त्या पाच तासांचे काय करायचे, हा समालोचकाचा खरा प्रश्न. शंकरपटावर तर हे प्रमाण आणखी टोकाचे. बैलजोडी सुटली की काही सेकंदांत निकाल लागतो, पण पुढची जोडी रेषेवर उभी राहीपर्यंत बराच वेळ जातो. एखादा बैल अडतो, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची तयारी होत नाही, गर्दी मध्येच धावेवर येते. मागे उभ्या असलेल्यांना नुसती धूळ दिसते. त्या रिकाम्या वेळात माणसे जागेवर धरून ठेवायची तर जोडीच्या मालकाची फिरकी घ्यावी लागते, हरलेल्या गावाची समजूत काढावी लागते, चहाच्या टपरीवर गेलेल्यांना परत ओढावे लागते. वर्णन करण्याजोगे काही घडत नसताना बोलत राहणे, आणि लोकांनी ते ऐकत राहणे, हा नटाचा धंदा आहे.

आपल्याकडे हा धंदा क्रिकेटपेक्षा जुना आहे. विदर्भातल्या खडी गंमतीत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशात सोंगाड्या कशासाठी असतो? शाहीर कथा पुढे नेतो, सोंगाड्या कथेच्या बाहेर पाय टाकून आत्ता, इथे, समोर बसलेल्या पाटलावर बोलतो. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य 1965 साली रंगभूमीवर आले तेव्हा दादा कोंडके गाजले, ते यातल्याच एका गुणावर. संहिता तीच, पण ताज्या घडामोडींवरची शेरेबाजी त्यात मिसळत राहायची. हे काम समालोचनाचेच, फक्त मैदान नव्हते. झाडीपट्टीत हीच परंपरा परशुराम खुणे यांच्यापर्यंत येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे हे विनोदी नट, ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून ओळखले जाणारे. त्यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सुमारे 800 भूमिका आणि 5000 प्रयोग असा हिशेब सांगितला गेला. आकडा प्रचंड आहे खरा, पण झाडीपट्टीचे नाटक कसे चालते ते लक्षात घेतले तर तो समजतो. हंगाम काही महिन्यांचा, प्रयोग रात्रभराचा, गाव रोज नवे, तालमीला वेळ तुटपुंजा, विंगेत प्रॉम्प्टर. अशा ठिकाणी पाठांतरावर विसंबणारा नट टिकत नाही. समोरची गर्दी कुठे सैल पडते आहे ते ओळखून वाक्य पुढेमागे सरकवता आले पाहिजे. पटावर माइक धरणाऱ्यालाही नेमके हेच यावे लागते.

लेखणीचा संबंध कुठे येतो, ते पाहायला पुण्यामुंबईकडे वळावे लागेल. आकाशवाणीवरून मराठी क्रिकेट समालोचन ज्यांनी घरोघरी नेले त्यांत बाळ ज. पंडित हे मोठे नाव. ते स्वतः क्रिकेट खेळलेले होते आणि त्यांनी क्रिकेटवर पुस्तकेही भरपूर लिहिली. षटक, यष्टी, चौकार असले शब्द आज आपल्या तोंडात सहज बसले आहेत, पण कागदावर तयार झालेला शब्द हवेत टिकतो की नाही हे समालोचकाच्या जिभेवर ठरते. चेंडू सीमेपार जायच्या आत जो उच्चारून होत नाही, तो शब्द कोशात पडून राहतो. दुसरे टोक शिरीष कणेकरांचे. क्रिकेटवर लिहिले, सिनेसंगीतावर लिहिले, विनोद लिहिला आणि मग ‘माझी फिल्लमबाजी’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. 2023 साली ते गेले तेव्हा त्यांना पत्रकार म्हणावे, विनोदी लेखक म्हणावे की एकपात्री कलाकार, असा प्रश्न पडण्यासारखा होता. त्यांचे कुठलेही पान काढून मोठ्याने वाचले की तो प्रश्न उरत नाही. वाक्य आधी बोललेले आहे आणि मग लिहिलेले आहे, हे कानाला लगेच कळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विनोदाच्या नादात खेळ हरवतो. धावसंख्या सांगायची राहून जाते, कोण बाद झाले ते कळत नाही, आणि रसिक चिडतो. असे समालोचक आहेत, नावे घ्यायची गरज नाही. पण हा दोष विनोदाचा नसून बिनवेळच्या विनोदाचा आहे, आणि वेळ चुकणे हा विनोदी नटाच्याही लेखी पहिला गुन्हा. बीबीसीच्या ब्रायन जॉन्स्टन यांना 1991 साली ओव्हल कसोटीच्या समालोचनात जोनाथन अॅग्न्यू यांच्या एका शेऱ्यावर हसू आवरेना. ती फीत आजही ऐकली जाते. मात्र तो दिवसाचा खेळ संपल्यानंतरचा आढावा होता आणि हसत, धापा टाकत जॉन्स्टन धावफलक वाचतच होते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. खेड्यातला माणूस तीन कामे करतो ती कलेच्या ओढीने नाही, एका कामावर घर चालत नाही म्हणून. हे खरेच आहे. झाडीपट्टीतले अनेक कलावंत पावसाळ्यात शेतावर असतात. खुणे यांनीही शेती केली, गावचे सरपंचपद सांभाळले. पण गरजेपोटी शिकलेले कसब कमअस्सल ठरवायचे असेल तर आपली अर्धी लोककला बाद करावी लागेल. झाडीपट्टीच्या नाटकावर उथळपणाचा आणि द्व्यर्थी संवादांचा आरोप होतो, तोही काही प्रयोगांना नक्की लागू पडतो. मात्र तिकीट काढून पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक नुसत्या चावटपणावर रात्र काढत नाही. हसवणाऱ्याला रडवताही यावे लागते, नाहीतर तिसऱ्या अंकाला मंडप अर्धा रिकामा होतो.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचे निमित्तच गेले. प्राण्यांच्या छळाचा मुद्दा खोटा नव्हता, म्हणूनच डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली ती अटींसह, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत नाटक मंडईच्या आधाराने चालू राहिले. पटावरचा आवाज मात्र गप्प होता आणि त्याची दखल घेण्याची सोयही नव्हती. पंडितांची पुस्तके वाचनालयात आहेत, कणेकरांचे लेख आहेत, खुणे यांच्या भूमिका कुणीतरी मोजल्या. पटावर दिवसभर बोललेल्या माणसाचे एकही वाक्य कुठे लिहिलेले नसते. संध्याकाळी जोड्या गाडीत चढतात, भोंगे उतरवले जातात, आणि घसा बसलेला तो माणूस रात्रीच्या नाटकासाठी तोंडाला रंग लावायला बसतो.