पेत्राची तलवार

आज गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन या वेळात अनेक ख्रिस्तमंदिरांतून प्रभू येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांचे चिंतन होईल. त्यांतील पहिला उद्गार क्षमेचा आहे. परंतु त्या क्षमेच्या आदल्याच रात्री, प्रभूच्या अगदी निकटच्या शिष्याने क्रोधाने तलवार उपसली होती, याचे स्मरण आपण सहसा ठेवीत नाही.

किद्रोन ओहळापलीकडे जैतुनांच्या डोंगराशी गेथशेमाने नावाची जागा होती. तेथे ख्रिस्त प्रार्थनेत व्याकूळ झाला असता पेत्र, याकोब व योहान यांना त्याने जागे राहून प्रार्थना करावयास सांगितले. ते तिघेही झोपी गेले. पुढे मशाली घेऊन शिपाई आले, आणि पेत्राने मुख्य याजकाच्या दासाचा उजवा कान छाटून टाकला. हा वार चारही शुभवर्तमानांत आहे. दासाचे मल्ख हे नाव मात्र एकटा योहान देतो, आणि प्रभूने तो कान बरा केल्याचे एकटा लूक सांगतो.

पेत्राचा राग खोटा नव्हता. तो गुरूवरील प्रेमातून आला होता. पण वार झाला कोणावर? कयफावर नव्हे, यहूदावरही नव्हे. हुकमाच्या ताबेदार अशा एका दासावर! वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. कचेरीत झालेला अपमान संध्याकाळी घरी मुलाच्या पाठीवर उतरतो, तेव्हा तेथेही कोणी तरी मल्खच असतो.

त्याच रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात पेत्र विस्तवाशी शेकत उभा होता. तेथे त्याला ओळखणाऱ्यांत मल्खाचाच एक नातलग होता. बागेत तुला त्याच्याबरोबर पाहिले नाही काय, असे त्याने विचारले, आणि पेत्राने प्रभूला नाकारले. दोन प्रहरांपूर्वीचा शूर असा भ्याला, कारण त्याच्याच तलवारीने त्याच्याविरुद्ध साक्षीदार निर्माण केला होता. (क्रोध आणि भय ही सख्खी भावंडे आहेत, असे मला अनेकदा वाटते.)

पेत्र चुकला तो तलवारीपाशी नव्हे, निद्रेपाशी. संतापाच्या क्षणी मनाला आवर घालू, असे आपण म्हणतो. पण त्या क्षणी आवर घालण्याचे बळ आधीच्या शांत घटकेत मिळवावे लागते. मराठी बायबलात आत्मसंयमासाठी ‘इंद्रियदमन’ हा शब्द योजलेला आहे. पौल त्याची गणना आत्म्याच्या फळांत करतो, आणि फळ काही एका रात्रीत पिकत नाही.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या शीघ्रकोपी स्वभावाचे चित्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त निःसंकोचपणे रेखाटले आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो स्वभाव एका दिवसात धुऊन निघाला नाही. भक्तकवीच्या रागाची झळ सोसणारी पत्नीच ते सांगते, म्हणून ती साक्ष मला मोलाची वाटते.

पेत्राचेही तसेच. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या तळ्याकाठी प्रभूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस काय? तेथेही कोळशांचा विस्तव पेटलेला होता. त्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: वाड्यातील नाकाराच्या वेळी आणि या तळ्याकाठी. प्रभूने तलवारीचा हिशेब मागितला नाही. मेंढरे सांभाळण्यास सांगितले. पुढे पेत्राच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात, ख्रिस्ताने निंदेस निंदेने उत्तर दिले नाही, याची आठवण दिलेली आढळते.

काल, पवित्र गुरुवारी, वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक देवळांतून रात्री उशिरापर्यंत जागरण झाले. मोठी माणसे आणि पेंगुळलेली मुले त्या शांततेत गुडघे टेकून होती. पेत्राला जी घटका जागता आली नाही, तीच ती घटका.