कुलगुरूंचा पगार आणि सफाई कामगाराची मजुरी: फरक नेमका कुठे पडतो?

मुलगी विद्यापीठात शिकायला गेली की घरात आनंद होतो. त्याच विद्यापीठात आपल्याच मोहल्ल्यातला कुणी गेटवर पहारा देत असतो, कुणाची खाला हॉस्टेलचे जिने झाडत असते. त्यांच्या मजुरीबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज हा हिशेब मांडून पाहू.

कागदावरचा फरक

उदाहरण केंद्रीय विद्यापीठांचं घेऊ. अलीगढ, जामिया मिल्लिया, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आणि आपल्या वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ ही त्यातलीच. सातव्या वेतन आयोगानुसार इथल्या कुलगुरूंचं मूळ वेतन महिना 2,10,000 रुपये आहे. वर 11,250 रुपये विशेष भत्ता. सर्वात खालच्या श्रेणीतल्या कायम कर्मचाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन 18,000 रुपये. म्हणजे फरक जवळजवळ बारा पट.

महागाई भत्ता दोघांनाही सारख्याच टक्क्यांनी मिळतो. जानेवारी 2024 पासून तो 50 टक्के झाला, तेव्हा 2,10,000 वर भत्ता झाला 1,05,000 रुपये आणि 18,000 वर 9,000 रुपये. बाजारात कांदा मात्र दोघांनाही एकाच भावानं घ्यावा लागतो.

तरीही जबाबदारी मोठी तर पगार मोठा, हे समजण्यासारखं आहे. शिवाय कायम शिपायाला दरवर्षी सुमारे 3 टक्के वाढ मिळते. दहा वाढी झाल्या की त्याचं मूळ वेतन 24,200 रुपयांवर जातं. खरी अडचण त्याच्याही खाली आहे.

यादीत नावच नाही

सफाई, पहारा, बाग, मेस ही कामं आता अनेक विद्यापीठांत ठेकेदाराकडे असतात. टेंडर निघतं आणि ठेकेदार माणसं पुरवतो. त्या माणसांचं नाव विद्यापीठाच्या पगारपत्रकात नसतं, त्यामुळे वेतन आयोग त्यांना लागू होत नाही. बहुतेकांना मिळतं ते फक्त किमान वेतन. वार्षिक वाढ नाही. ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दहा वर्षं झाडू मारणाऱ्या बाईला काल लागलेल्या मुलीइतकीच मजुरी.

म्हणजे बारा पटींचा आकडा कायम नोकरांपुरताच आहे. ठेक्यावरची माणसं त्या तुलनेत धरलेलीच नसतात.

कायदा काय सांगतो?

26 ऑक्टोबर 2016 रोजी सुप्रीम कोर्टानं पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सांगितलं की, कायम कर्मचाऱ्याइतकंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. पण हा निकाल सरकारनं थेट नेमलेल्या लोकांबद्दल होता. ठेकेदारामार्फत आलेल्यांना त्याचा फायदा आपोआप मिळत नाही.

त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. ठेकेदारानं मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ संस्थेवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या कामगार संहितांमध्येही ते कायम आहे. ‘ठेकेदाराला विचारा’ एवढं सांगून विद्यापीठाला हात झटकता येत नाहीत.

बदल होऊ शकतो का?

होतो, पण वेळ लागतो. लंडनमधल्या सोआस या विद्यापीठात ठेक्यावरच्या सफाई कामगारांनी 2006 पासून लढा दिला. त्यातले बरेच जण दक्षिण अमेरिकेतून पोटापाण्यासाठी आलेले होते. विद्यार्थी आणि शिक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर 2017 मध्ये विद्यापीठानं त्यांना थेट नोकरीत घ्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात कुलगुरूंच्या वर्षाला 4,68,000 पौंड पगारावरून मोठा गदारोळ झाला आणि त्यांना पद सोडण्याचं जाहीर करावं लागलं.

घरात कुणी ठेक्यावर असेल तर

• दर महिन्याची पगाराची स्लिप मागा आणि जपून ठेवा. पगार बँक खात्यात आला तर उत्तम.

• पीएफचा यूएएन नंबर घ्या. 12 टक्के कापले जात असतील, तर ते खात्यात खरोखर जमा होतात का, हे मोबाइलवर तपासा.

• पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होते का, ते विचारा. त्यात कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाला 3.25 टक्के भरावे लागतात. त्यावर घरच्यांचेही उपचार होतात.

• विद्यापीठ ठेकेदाराला एका माणसामागे किती पैसे देतं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. केंद्रीय विद्यापीठासाठी फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज कामगारानंच करायला हवा असं नाही, घरातलं शिकलेलं कुणीही करू शकतं.

या शेवटच्या अर्जाचं उत्तर आलं की हातात दोन आकडे असतील: विद्यापीठानं दिलेली रक्कम आणि घरी आलेली रक्कम. कपाती आणि कमिशन धरूनही त्यांचा मेळ बसत नसेल, तर कामगार खात्यात तक्रार करायला तेवढा पुरावा हाताशी आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा अर्ज लिहून दिला, तर रोज त्यांचे वर्ग झाडणाऱ्या माणसाचं मोठं काम होईल.