भाडेकरूच्या गाडीवर झाड पडलं, तर भरपाई घरमालक देणार का?

१३ जून २०२१. घाटकोपरमधल्या एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली कार बघता बघता जमिनीत गडप झाली. जुन्या विहिरीवर टाकलेला काँक्रीटचा स्लॅब खचला होता. व्हिडिओ देशभर फिरला, मीम्सही झाले. पण अशी गाडी भाडेकरूची असेल, तर त्याने पैसे मागायचे कोणाकडे?

बहुतेकांच्या तोंडी उत्तर तयार असतं. भाडेकरू म्हणतो, "पार्किंगसकट भाडं देतो, म्हणजे जबाबदारी मालकाची." मालक म्हणतो, "गाडी तुमची, तुम्ही बघा." कायद्यात दोघांचंही पूर्ण खरं नाही.

पार्किंगची जागा वापरायला दिली म्हणून घरमालक गाडीचा राखणदार होत नाही. राखणदार कधी होतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये दिल्लीच्या ताज महल हॉटेलच्या खटल्यात सांगितलं. पाहुण्याने गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. गाडी ताब्यात घेतली म्हणजे ती सांभाळणं आलं, आणि पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. भाड्याच्या घरात मात्र चावी भाडेकरूच्याच खिशात असते. त्यामुळे रात्री कोणी आरसा चोरला किंवा ओरखडा मारला, तर सहसा मालकाकडे बोट दाखवता येत नाही.

झाड, भिंत, स्लॅब यांचं प्रकरण वेगळं. इथे दोन गोष्टी बघितल्या जातात. ती जागा कोणाच्या ताब्यात होती? आणि धोका त्याला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का?

बंगला, वाडा किंवा मालकाची स्वतःची चाळ असेल, तर आवार त्याचंच. सोसायटीतला फ्लॅट असेल, तर कंपाउंडची भिंत आणि आवारातली झाडं सांभाळणं हे सोसायटीचं काम. घरमालक तिथे फक्त एक सभासद. म्हणजे दावाही सोसायटीवरच करावा लागतो. अनेक भाडेकरू इथेच चुकतात आणि महिनोन्‌महिने फ्लॅटमालकाशी भांडत बसतात.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून एका माणसाचा जीव गेला, तरीही १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड अचानक पडलं, आधी अंदाज येण्यासारखं काही नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. माणसाच्या मृत्यूबाबत कोर्ट इतकं काटेकोर असेल, तर बंपरसाठी नुसतं 'झाड तुमचं होतं' म्हणून भागणार नाही.

म्हणूनच आधीचा पुरावा महत्त्वाचा. मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी खासगी आवारातल्या धोकादायक फांद्या छाटण्यासाठी सोसायट्यांना नोटिसा देते. अशी नोटीस फाइलला लावून कमिटी गप्प बसली असेल, तर भाडेकरूची बाजू भक्कम होते. नोटीस नसेल, तर त्याने स्वतः पाठवलेला ईमेल किंवा फोटोसह व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही कामाला येतो. वॉचमनला तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. उलट बाजूही आहे: भिंत झुकलीय, इथे गाडी लावू नका, असं बजावूनही गाडी तिथेच लावली, तर दावा लंगडा पडतो.

पैसे लवकर हवे असतील, तर पहिला फोन विमा कंपनीला. पण कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा स्वतःच्या गाडीचं नुकसान भरत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' कव्हर लागतं. ते असेल तर कंपनी दुरुस्तीचे पैसे देते आणि चूक ज्याची, त्याच्याकडून ते वसूलही करू शकते. गाडी हलवण्याआधी फोटो मात्र काढायचे, मोडलेल्या फांदीचे आणि कुजलेल्या बुंध्याचेही.

आणि दुरुस्तीचा खर्च परस्पर भाड्यातून कापून घ्यायचा मोह टाळलेला बरा. करारात तशी सोय नसेल, तर भरपाईचा वाद बाजूला राहतो आणि थकबाकीच्या नावाखाली घर सोडायची नोटीस हातात पडते.