उष्णताप्रेमी जीवाणू

साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पुढेच ज्यांची वाढ जोम धरते, ते उष्णताप्रेमी जीवाणू. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत आढळणारे गरम पाण्याचे झरे ही अशा जीवाणूंची हक्काची घरे. उन्हवऱ्याचे पाणी तर ७० अंशांच्या आसपास असते.

एवढ्या उष्णतेत साध्या जीवांच्या प्रथिनांची घडी मोडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो याचमुळे. या जीवाणूंच्या प्रथिनांची घडी मात्र जास्त घट्ट, आतले बंधही जास्त. म्हणून त्यांची एन्झाइम गरम पाण्यातही काम करत राहतात, आणि जैवतंत्रज्ञानाला हवी असतात ती हीच.

१९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतून थॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी ‘थर्मस ॲक्वाटिकस’ मिळवला. डीएनएच्या नकला काढण्याची पीसीआर पद्धत कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली. तिच्यात डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी मिश्रण दर फेरीत ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. साधे एन्झाइम त्यात निकामी होई आणि प्रत्येक फेरीला नवे घालावे लागे. थर्मसचे ‘टॅक पॉलिमरेज’ टिकले आणि सारे काम यंत्रावर सोपवता आले. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ज्या कोविड चाचणी किटला मान्यता मिळाली, तेही पीसीआरवरच चालणारे.

‘जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस’ हा दुसरा मोलाचा जीवाणू. त्याचे अमायलेज तापलेल्या खळीतले पिष्ट फोडते. त्याचे बीजाणू इतके चिवट, की रुग्णालयातला उपकरणे वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह नीट चालतो का, हे ते मेले की नाही यावरून ठरवतात.

असेच जीवाणू वाघोलीतल्या सोसायट्यांच्या खतखड्ड्यांतही राबतात. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या या गावात संकुले झपाट्याने वाढली, त्यांच्याबरोबर ओला कचराही. साली-देठांचा ढीग रचला की आधी साधे जीवाणू तो खाऊ लागतात आणि ढीग तापतो. पारा ४५ च्या वर गेला की ते मागे पडतात. बॅसिलस कुळातले उष्णताप्रेमी ताबा घेतात. ५५ ते ६५ अंशांत रोगजंतू, माश्यांच्या अळ्या, तणांचे बी मरते. पण या जीवाणूंना हवा लागते. ढीग ओलाचिंब झाला, दबला, की ते गुदमरतात, पारा उतरतो आणि घाण वास सुटतो. अशा वेळी वर सुगंधी फवारा मारून काही साधत नाही. सुका पाला किंवा भुसा मिसळून ढीग खालीवर करावा.